देवगिरीचा किल्ला: राजधानी, खजिना, तुरुंग, देऊळ

प्रश्न दोन आहेत. देवगिरीला सगळेच अजिंक्य म्हणतात, मग तो इतक्या वेळा हातातून गेला कसा? आणि एकाच तटाच्या आत यादवकालीन खांब, मशीद, मनोरा, हमामखाना, महाल, संताची समाधी आणि भारतमातेचं मंदिर दिसतं, ते कुणी, केव्हा आणि कशासाठी केलं?

जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि दख्खनच्या किल्ल्यांवर माझा बराचसा वेळ जातो. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. देवगिरी हा लढण्यापेक्षा मौल्यवान गोष्टी सांभाळून ठेवण्यासाठी जास्त वापरला गेलेला किल्ला आहे. कधी सोनं, कधी धान्य, कधी दप्तर, कधी राजा, कधी पकडलेला राजा. म्हणजे एक प्रचंड तिजोरीच. तिजोरी फोडणं अवघड असतं, पण किल्ली कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. देवगिरीच्या सातशे-आठशे वर्षांच्या इतिहासात भिंत चढून बालेकिल्ला घेतल्याचं उदाहरण शोधावं लागेल. उपासमार, फितुरी, पैसा आणि घाबरलेला किल्लेदार यांनी मात्र तो पुन्हा पुन्हा घेतला.

आधी डोंगर समजून घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवर, साधारण पंधरा किलोमीटरवर, सपाट मैदानात एकटाच उभा असलेला हा शंकूसारखा डोंगर. उंची मैदानापासून सुमारे दोनशे मीटर. आजूबाजूला याला चिकटलेली दुसरी डोंगररांग नाही, त्यामुळे शेजारच्या डोंगरावर तोफा चढवून मारा करण्याची सोय शत्रूला मिळत नाही. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढला आहे आणि त्याच्या पायथ्याशी कातळातच खंदक खोदला आहे. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या तासलेल्या कड्याचं वर्णन करताना लिहिलं आहे की साप किंवा मुंगीलाही तो चढणं कठीण. खंदक चाळीस गज रुंद आणि तीस गज खोल असल्याचं तो सांगतो. डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या वळणावळणाच्या अंधाऱ्या वाटेबद्दलही तो लिहितो: भर दिवसा दिवा लागतो, पायऱ्या कातळातच कोरलेल्या आहेत, खाली लोखंडी दार आहे आणि वेळ आली तर वाटेच्या मधोमध लोखंडी शेगडी ठेवून ती पेटवायची सोय आहे, म्हणजे धगीने कुणी पुढे येऊच शकणार नाही. आज आपण ज्या ‘अंधारी’तून चाचपडत वर जातो तीच ही वाट.

खंदकावरचा जुना दगडी पूलही मुद्दाम पाहण्यासारखा आहे. दोन्ही टोकांना पायऱ्या आणि मधला भाग खोलगट. खंदकातल्या पाण्याची पातळी वाढवली की मधला भाग बुडून जायचा. आता वरून लोखंडी पूल टाकला आहे आणि बहुतेक लोक खाली न पाहताच पुढे जातात.

हा कडा नेमका कुणी तासला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत असं की सुरुवात यादवांनी केली आणि पुढच्यांनी ते काम पुरं केलं. शेजारी वेरूळ आहे. कातळ वरून खाली कसा कोरायचा, पाणी कुठे वळवायचं, कुठल्या थरात दगड फुटतो, हे ज्ञान या परिसरातल्या पाथरवटांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं. बेसाल्टचा डोंगर असा सरळ कापायला सैन्य लागत नाही, कसबी माणसं आणि दीर्घ काळ चालणारी राजवट लागते.

ती राजवट यादवांची. यादवांचं आधीचं ठाणं सिन्नरकडे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळली तेव्हा पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र होऊन ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. पुढे जैत्रपाल, सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र म्हणजेच रामदेवराव. दीडशे वर्षंही पुरी न झालेल्या या काळात देवगिरी हे मराठी मुलखाचं पहिलं मोठं राजकीय केंद्र झालं. राजधानी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सिंहासन येतं, पण राज्य चालतं ते कारकुनांवर. महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा श्रीकरणाधिप होता, राज्याच्या दप्तराचा प्रमुख. त्याच्याही आधी सिंघणाच्या दरबारात संगीतशास्त्राचा मोठा पंडित शार्ङ्गदेव होता आणि त्याच्याकडेही हेच दप्तराचं काम होतं. त्याचं घराणं काश्मीरहून इकडे आलेलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. किल्ल्याचा पहिला मोठा उपयोग तलवारीचा नव्हता. हिशेब, दानपत्रं, महसूल आणि विद्वानांचा आश्रय हा होता.

मग १२९६. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान झालेला नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. दिल्लीला पत्ता लागू न देता तो थेट देवगिरीवर आला. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. रामदेवराव किल्ल्यात शिरला आणि दारं लावून घेतली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. धान्य समजून घाईघाईने आत नेलेल्या गोण्या उघडल्या तर त्यात मीठ निघालं, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या त्या गोण्या होत्या. फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे गोण्यांचा तपशील शब्दशः घ्यायची गरज नाही. पण गोष्टीतलं मर्म पक्कं आहे. कडा शाबूत होता, खालचं शहर लुटलं गेलं होतं आणि कोठारात दाणा नव्हता. शंकरदेव परत आला, लढला, हरला. रामदेवरावाने प्रचंड खंडणी देऊन सुटका करून घेतली आणि त्याच संपत्तीच्या जोरावर अल्लाउद्दीनने दिल्लीचं तख्त मिळवलं. देवगिरीत साठवलेल्या पैशाने दुसऱ्याचं राज्य उभं राहिलं, याची ही पहिली वेळ. पन्नास वर्षांनी पुन्हा तेच घडलं, ते पुढे येईलच.

खंडणी थांबली म्हणून १३०७ मध्ये मलिक काफूर आला. रामदेवरावाला दिल्लीला नेलं, मान दिला, ‘रायरायान’ हा किताब दिला आणि मांडलिक म्हणून परत पाठवलं. त्याच्यानंतर शंकरदेवाने बंड केलं, तो मारला गेला. मग रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याने प्रयत्न केला. १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजी स्वतः आला, हरपाळदेवाला हाल करून मारलं आणि यादवांचं राज्य संपलं.

महाकोटाच्या, म्हणजे मधल्या तटाच्या, आतली जामी मशीद याच सालची. दख्खनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी ही एक. तिच्या आत जाऊन एखाद्या खांबाजवळ शांतपणे उभे राहा. खांब देवळांचे आहेत: खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर गोल कणी आणि शेवटी तुळई पेलणारे हात. काही खांबांची उंची कमी पडली म्हणून दगडावर दगड चढवून ती जुळवून घेतली आहे, ती सांध्याची रेघ डोळ्यांना दिसते. मिहराबीसमोरचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोरचा, घुमट मात्र नव्या पद्धतीचा, चुन्यात बांधलेला. तोडलेल्या देवळांचा दगड आहे ही गोष्ट लपवायचं कारण नाही आणि ज्या हातांनी ते खांब पुन्हा उभे केले ते इथल्याच गवंड्यांचे असणार, हेही सांध्यांच्या घडणीवरून दिसतं.

आता मुहम्मद तुघलक. १३२७ मध्ये त्याने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन दुसरी राजधानी केली. शाळेत आपण हा प्रसंग लहरी सुलतानाचा वेडेपणा म्हणून शिकतो. पण नकाशा समोर ठेवला तर दक्षिणेतला नव्याने जिंकलेला मुलूख दिल्लीतून सांभाळणं किती अवघड होतं ते कळतं. जागेची निवड चुकीची नव्हती. माणसांवर लादलेलं स्थलांतर क्रूर होतं. त्यातून इथे जे रुजलं ते मात्र टिकलं. सूफी संत आणि त्यांचे शिष्य आले, शेजारचं खुलताबाद त्यांच्या दर्ग्यांमुळे घडलं. कागद करणारे कारागीर आले आणि कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा त्या काळापासून चालत आल्याचं तिथली परंपरा सांगते. राजधानीला कागद लागतोच.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला तो याच काळात. त्याने दौलताबादचे तीन भाग सांगितले आहेत: सुलतानाचं दौलताबाद, ‘कटक’ आणि ‘दुवैगीर’ म्हणजे बालेकिल्ला. वर चढण्यासाठी कातड्याची शिडी असे आणि रात्री ती वर ओढून घेत, असं तो लिहितो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ‘तरबाबाद’ नावाच्या बाजाराचं त्याने मनापासून कौतुक केलं आहे, द्राक्षं-डाळिंबांचंही. आणि याच माणसाने किल्ल्यातल्या तळघरांबद्दल लिहिलं आहे. मोठ्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांना तिथे डांबत. तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे, मांजरं त्यांना पाहून पळतात, असं तो म्हणतो. खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराने त्याला आपला अनुभव सांगितला होता. त्याला ‘उंदरांचा खड्डा’ म्हणत त्या कोठडीत टाकलेलं, रात्री उंदीर अंगावर चालून येत आणि तो रात्रभर त्यांच्याशी झुंजत असे.

खालच्या बाजारात संगीत आणि वरच्या कातळात हा खड्डा, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. किल्ल्याचे उपयोग एकामागून एक बदलत गेले असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते एकमेकांच्या शेजारी नांदत होते. शत्रूला आत येऊ न देणारा कडा कैद्यालाही बाहेर जाऊ देत नाही. तुरुंगासाठी निराळं काही बांधावंच लागलं नाही.

तुघलकाच्या शेवटच्या वर्षांत दख्खनचा महसूल दिल्लीला नेणं धोक्याचं झालं, वाटा सुरक्षित राहिल्या नाहीत. म्हणून साठलेला पैसा धारागीर म्हणजे बालेकिल्ल्यात ठेवला गेला. १३४६ मध्ये इथल्या अमीरांनी बंड केलं तेव्हा तो खजिना त्यांच्या हाती पडला. बंडवाल्यांनी इस्माईल मुख याला सुलतान केलं. तुघलक स्वतः चालून आला, वेढा घातला, पण गुजरातेत दुसरं बंड उठल्यामुळे त्याला जावं लागलं. १३४७ च्या ऑगस्टमध्ये इस्माईलच्या जागी बंडवाल्यांपैकीच हसन गंगू याचा राज्याभिषेक झाला आणि बहमनी राज्य सुरू झालं. दिल्लीसाठी जपलेल्या पैशातून दिल्लीपासून तुटलेलं राज्य उभं राहिलं. हसनने राजधानी लगेच गुलबर्ग्याला हलवली.

बहमनींच्या काळात दौलताबाद चार तरफांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, एकाचं मुख्य ठाणं होतं. राजधानी गेली तरी किल्ल्याचं महत्त्व कमी झालं नाही. या काळातली सर्वांत ठळक खूण म्हणजे चांदमिनार, १४४५ चा. अल्लाउद्दीन अहमदशाह बहमनीच्या कारकिर्दीत तो उभा राहिला. मशिदीच्या जवळ असल्याने बांगेसाठी, मैदानावर नजर ठेवण्यासाठी आणि लांबून येणाऱ्याला सत्ता कुणाची आहे हे कळावं म्हणून, अशी तिन्ही कारणं त्यामागे असावीत असं मला वाटतं. त्याच्या सज्ज्यांखालचे तोडे जरा निरखून पाहा. मनोऱ्याचा घाट इराणी वळणाचा आहे, पण सज्जा पेलणारे तोडे देवळाच्या सुताराने-पाथरवटाने घडवावेत तसे आहेत.

बहमनी राज्य फुटताना किल्ला दोन सरदार भावांच्या हाती होता. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याला तो हवा होता. फिरिश्ता म्हणतो की जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध तळ हवा म्हणून त्याने अहमदनगर वसवलं आणि तिथून दरवर्षी पिकं हाती येण्याच्या दिवसांत सैन्य पाठवून दौलताबादचा मुलूख तो उजाड करत असे. एक किल्ला घेण्यासाठी एक शहर वसवावं लागलं. आणि तरीही शेवटी तो मिळाला तो १४९९ मध्ये, किल्लेदार मेल्यावर आतल्या शिबंदीने किल्ल्या हवाली केल्या तेव्हा.

निजामशाहीतला, सोळाव्या शतकातला हा किल्ला आपल्या, म्हणजे मराठी वाचकाच्या, फार जवळचा आहे. इथले किल्लेदार जनार्दनस्वामी, मूळचे चाळीसगावचे, दत्तभक्त. पैठणचा पोरका एकनाथ त्यांच्याकडे लहान वयात आला आणि इथेच राहिला, शिकला, त्यांच्या हिशेबाचं काम पाहू लागला. रात्रभर जागून एका पैची चूक शोधणारा आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवणारा एकनाथ, आणि ‘एवढंच चित्त परमार्थात लावलंस तर?’ असं विचारणारे गुरू, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती घडली ती जागा म्हणजे हा लष्करी किल्ला, ज्याच्या दप्तरात रसद, पगार, दारूगोळा यांचा हिशेब चालायचा. शार्ङ्गदेव, हेमाद्री आणि एकनाथ, तिघांचाही या डोंगराशी संबंध हिशेबाच्या वहीतून आला. स्वामी समाधीला बसायचे म्हणून गुरुवारी किल्ल्याला सुट्टी असे, असं परंपरा सांगते. सुलतानी राजवटीत शुक्रवारऐवजी गुरुवार! अक्षरशः असंच होतं की नाही याचा कागद नसेल, पण लोकांनी जपलेल्या या आठवणीत त्या काळच्या व्यवहाराचं एक खरं चित्र आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला जनार्दनस्वामींची पुण्यतिथी, नाथषष्ठीही तीच. वर बारादरी ओलांडून माथ्याकडे गेलं की स्वामींची गुहा आणि पादुका लागतात. तिथे येणारा भाविक तिकीट काढून येतो खरा, पण तो किल्ला पाहायला आलेला नसतो.

सतराव्या शतकात अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाही सावरली आणि दौलताबाद पुन्हा राजधानी झालं. बाहेरच्या तटाला आजही अंबरकोट म्हणतात. त्याच्या आत महाकोट आणि त्याच्या आत काळाकोट. जवळच त्याने खडकी वसवली आणि नळ घालून तिला पाणी दिलं. माझ्या मते दौलताबाद शहर हळूहळू रिकामं झालं ते लढायांपेक्षा या पाण्यामुळे. किल्ल्यात सरस्वती बारव आहे, हत्ती हौद आहे, खापरी नळांनी डोंगरातून पाणी आणलेलं आहे, पण वाढत्या शहराची तहान त्यावर भागणार नव्हती. खडकीचं पुढे औरंगाबाद झालं आणि माणसं तिकडे गेली.

याच किल्ल्यात जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा निजामशाहाच्या दरबारात खून झाला. जिजाबाईंचे वडील. त्यांच्याबरोबर मुलगे अचलोजी आणि रघोजी, नातू यशवंतराव. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. पूर्वजांच्या राजधानीत, मुजऱ्याला गेलेल्या निःशस्त्र माणसांना असं मारलं गेलं. त्या तटांमधून चालताना माझं मन या एका ठिकाणी दरवेळी अडतं. शिवनेरीला शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी. जिजाबाईंनी आयुष्यभर काय मनात ठेवलं असेल, ते सांगायला दस्तऐवज लागत नाही.

निजामशाही त्यानंतर आतूनच कोसळली. मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने मुर्तजा निजामशाहाला मारून लहानग्या हुसेनला गादीवर बसवलं. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने वेढा घातला. शहाजीराजे आणि आदिलशाही फौज बाहेरून वेढा मोडायचा प्रयत्न करत होते, रसद आत पोचू देत नव्हती ती मोगलांची फळी. अंबरकोट आणि महाकोट सुरुंगांनी फोडले गेले. बालेकिल्ला तसाच उभा होता, पण आत उपासमार आणि रोगराई. जूनमध्ये फतहखानाने पैसे घेऊन किल्ला सोडला. हुसेन निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली. म्हणजे सुरुंगाने बाहेरचे दोन कोट पडले आणि आतली तिजोरी पुन्हा एकदा किल्ली देऊनच उघडली.

मोगलांनी तिचा उपयोग चांगला ओळखला. १६३६ मध्ये शाहजहान इथे आला, त्या वेळची बारादरी अंधारीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर आहे: हवेशीर, मैदानावर उघडणारी, बादशहाने चार दिवस राहावं अशी. आणि खाली काळाकोटात चिनी महाल. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुत्बशाह अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथे ठेवलं. सुमारे बारा-तेरा वर्षं, मरेपर्यंत. त्याची कबर खुलताबादला आहे.

चिनी महालाचं नाव त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवरून पडलं. आज त्यांचे तुकडेच उरले आहेत. फरशी गेलेली असली तरी तिच्या मागच्या चुन्यात तिचा ठसा राहतो, आणि त्या ठशांवरून पूर्ण भिंत कशी दिसत असेल ते बांधता येतं. म्हणून अशा भिंतीला स्वच्छ करण्याच्या नावाखाली खरवडणं हा अपराध आहे. महाल होता तेव्हा ही भिंत पाहुण्यांनी पाहावी म्हणून सजवलेली, कैदखाना झाल्यावर तीच भिंत एका राजाने रोज पाहिली. एकाही दगडाला हात न लावता इमारतीचा उपयोग उलटा झाला.

महालाच्या जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. पंचधातूची, मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं, अंगावर औरंगजेबाच्या नावाचा लेख. ती खुंटीवर फिरते, म्हणजे चहूकडे मारा करता येतो. तोफा आल्यावर जुन्या किल्ल्याला स्वतःत बरेच बदल करावे लागले. धनुष्यबाणाच्या काळचे तट उंच आणि तुलनेने पातळ. तोफेच्या काळात बुरुज भरीव, जाड आणि वर तोफ फिरवायला मोकळे लागतात. माथ्यावरच्या धूळधाण तोफेसाठीही तशीच जागा केलेली आहे. दरवाजे एकापुढे एक सरळ नाहीत, मधल्या चौकात शत्रूला कोंडून वरून मारायची योजना आहे. महाकोटात शिरताना देवड्यांच्या आणि तटांच्या मधल्या त्या चौकांत थांबून वर पाहा, किती बाजूंनी मारा होऊ शकतो ते लगेच उमगतं.

अठराव्या शतकाबद्दल थोडक्यात. किल्ला हैदराबादच्या निजामाकडे गेला. मध्ये फ्रेंच सेनापती बुसीने १७५८ मध्ये तो डावपेचाने घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतरच्या तहात मराठ्यांना मिळालेल्या ठिकाणांत दौलताबाद होतं, पण पानिपतानंतर ते टिकलं नाही. एवढ्या वर्षांत देवगिरी मराठ्यांच्या हाती फार काळ राहिलाच नाही, ही सल जुन्या लोकांच्या बोलण्यात आजही ऐकू येते. पण खरं तर तोवर दख्खनच्या राजकारणाचा मध्य हलला होता. किल्ला सीमेवरही नव्हता आणि राजधानीतही नव्हता. शिबंदी कमी झाली, गवत वाढलं.

त्यानंतरचा उपयोग म्हणजे जतन करण्याची वास्तू, आणि तोही शंभर वर्षांचा जुना उपयोग आहे. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख. स्वातंत्र्यानंतर किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर लोकांनी जामी मशिदीच्या मिहराबीच्या जागी भारतमातेची मूर्ती बसवली आणि ते भारतमाता मंदिर झालं. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, काळातून बाहेर पडलेल्या मराठवाड्याच्या भावना त्यात आहेत. वास्तूचा अभ्यासक म्हणून माझं म्हणणं इतकंच की देवळाचे खांब, १३१८ ची मशीद आणि १९४८ ची मूर्ती, तिन्ही त्या इमारतीचा इतिहास आहे. जपायचं तर तिन्ही. एखादा थर खोडून दुसरा ‘मूळ’ ठरवायला लागलो की हातात काहीच उरत नाही, कारण या किल्ल्यात पूर्णपणे मूळ असं फक्त कातळच आहे.

कुठली भिंत कुणाची, हे ओळखायची ढोबळ खूण सांगतो. मोठे, घडीव, चुन्याविना एकमेकांवर बसवलेले दगड दिसले तर बहुधा यादवकाळ, किंवा यादवकाळचा दगड पुन्हा वापरलेला. हे दुसरं कसं कळणार? कमळ, पानपट्टी, मूर्तीचा तुकडा उलटा किंवा आडवा बसलेला असेल तर दगड दुसरीकडून आणलेला. ओबडधोबड दगड, भरपूर चुना आणि टोकदार कमान असेल तर तुघलक-बहमनी. नाजूक गिलाव्याचं नक्षीकाम, फुलं, पदकं निजामशाही महालांत. विटा आणि सपाट, मोकळी दालनं मोगलांकडे बोट दाखवतात. अपवाद पावलोपावली सापडतील, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

सध्याच्या धोक्यांपैकी दोन मला जास्त काळजीचे वाटतात. एक, वेरूळकडे जाणारा रस्ता अंबरकोटाच्या जुन्या दरवाजातून जातो. बस, ट्रक रोज त्या कमानीखालून जातात, हादरे बसतात, कधी कोपरा घासतो. वाहतूक तटाबाहेरून काढण्याला पर्याय नाही. दुसरा, सिमेंट. पडलेला सांधा सिमेंटने भरला की काम पक्कं झालं असं वाटतं. पण चुन्याची भिंत श्वास घेते, पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटमुळे ती ओल आत अडकते, क्षार दगडाच्या तोंडाशी येतात आणि चांगला दगड पापुद्रे सोडू लागतो. दुरुस्ती चुन्यानेच व्हायला हवी, आणि चुना मळणारा, मुरवणारा कारागीर आज जो दगड घडवतो त्याच्याइतकाच दुर्मिळ झाला आहे. त्याला काम मिळत राहिलं तरच ही विद्या टिकेल.

तुम्ही जाणारच असाल तर हिवाळ्यात, सकाळी दार उघडताच जा. थेट माथ्याकडे धावू नका. आधी अंबरकोटाचा दरवाजा, मग महाकोटाचे चौक, बारव, हत्ती हौद, मशीद, मनोरा, मग चिनी महाल, त्यानंतर खंदक आणि अंधारी. अंधारीत वटवाघळं आहेत, चांगली विजेरी जवळ ठेवा आणि लहान मुलांचा हात सोडू नका. कड्यावर आग्या मोहळं असतात, म्हणून अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, दगड मारू नका. पाणी खालूनच भरून न्या. बारादरीच्या सावलीत थोडं बसून मग माथा गाठा. तिथून तिन्ही कोटांच्या रेषा खाली स्पष्ट दिसतात आणि कुठल्या तटाच्या आत कुणाला, कशाला ठेवलं होतं ते नकाशासारखं समोर मांडून बघता येतं.